सरवा वेचणारी रूथ : शास्त्रातल्या बाईकडून शिकायचं कसं

गल्लीतल्या एका नव्या सुनेनं परवा विचारलं, "काकू, बुधवारच्या घरसभेत मला बोलायला सांगितलंय. रूथवर. काय बोलू?" तिच्या मोबाईलमध्ये कुणीतरी पाठवलेला तयार धडा होता, बायबलातल्या रूथचे सात गुण. मी तो दोनदा वाचला. चूक अशी काही नव्हती त्यात, पण त्या सात गुणांच्या गर्दीत रूथच कुठं दिसेना. नम्रता होती, सेवा होती, आज्ञापालन होतं. उन्हात वाकून कणसं वेचणारी बाई नव्हती.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात उभं आहे. तेव्हापासून इथं शास्त्र वाचणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, तरी दर पिढीत कुणीतरी पहिल्यांदाच वचन उघडून चार बायकांसमोर बसतं आणि त्याच्या घशाला कोरड पडते. हे लिहितेय ते अशा नवख्यांसाठी. विश्वासात नवीन असाल, किंवा विश्वासात जुने पण बोलायला नवीन असाल, दोघांनाही चालेल. उदाहरण रूथचंच घेते. पद्धत कळली की हन्ना, मार्था, शोमरोनी स्त्री, कुणाहीकडे जाता येतं.

सुरुवात रूथपासूनच का

पुस्तक लहान आहे म्हणून. चार अध्याय, ८५ ओव्या (म्हणजे वचनं). चहा ठेवून, उकळून, गाळून, निवांत पिऊन होईपर्यंत मोठ्यानं वाचून संपतं. जुन्या करारात शास्ते संपलं की लगेच आहे, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आधी. शिवाय शेतीची गोष्ट आहे, आणि कोल्हापूरकराला शेती समजावून सांगावी लागत नाही.

जवळ पवित्र शास्त्र, एक वही आणि पेन्सिल असू द्या. जमलं तर दोन भाषांतरं घ्या, एक घरातलं जुनं आणि एक सोप्या मराठीतलं. जिथं दोन्हीकडे शब्द वेगळा दिसेल तिथं पेन्सिलीनं टिंब करा, पुढं तिथंच काहीतरी सापडतं. मराठीत हे काम एका बाईनंही केलंय. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यामुळं "आपल्याला काय कळतंय त्यातलं" हे वाक्य घरसभेत कुणी म्हटलं तर रमाबाईंचं नाव सांगा आणि पुढं चला.

पहिलं वाचन : पेन्सिल खाली ठेवून

पहिल्यांदा नुसतं वाचायचं. खुणा नाहीत, प्रार्थनेचे मुद्दे नाहीत, 'यातून देव मला काय सांगतो' हा प्रश्नही नाही. हा प्रश्न चांगलाच आहे, पण पहिल्याच मिनिटाला विचारला की माणूस गोष्ट ऐकायचं सोडून धडा शोधत बसतो. मोठ्यानं वाचा. मुलं आसपास असतील तर त्यांना ऐकू द्या, ती मध्येच विचारतात ते प्रश्न आपल्या प्रश्नांपेक्षा बरे असतात.

वाचून झालं की वहीत चार-पाच ओळींत गोष्ट लिहून काढा, शेजारणीला सांगितल्यासारखी. बेथलेहेमात दुष्काळ पडला. अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन परक्या मवाब देशात गेला. तिथं तो वारला. मुलांनी मवाबी बायका केल्या, अर्पा आणि रूथ. दहा वर्षांत मुलंही गेली. तीन विधवा उरल्या. गावाकडं पाऊसपाणी झाल्याचं कळल्यावर नामी निघाली, अर्पा माहेरी परतली, रूथ सासूबरोबर आली.

यातलं तीन विधवा उरेपर्यंतचं सगळं पहिल्या पाच ओव्यांत उरकतं, म्हणून आपणही घाईनं पुढं जातो. इथं जरा थांबा. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. त्या घरातली भाकरी संपली म्हणून हे कुटुंब निघालं. आपल्याकडं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ट्रक भरून माणसं येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, फडाच्या कडेला पाचटाची कोपी, तान्हं पोर उसाच्या सावलीत. अलीमलेखाचं कुटुंब कसं निघालं असेल ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. तुमच्या सभेत शेतातल्या बायका असतील तर हे त्यांनाच सांगू द्या.

दुसरं वाचन : तिचे हात काय करतात

आता पेन्सिल घ्या. दुसऱ्या वाचनात रूथ काय करते तेवढ्याच शब्दांखाली रेघ मारायची. ती कशी होती, तिचा स्वभाव काय, हे बाजूला ठेवा. शास्त्र स्वभावाचं प्रमाणपत्र फारसं देत नाही, कामं दाखवतं. निघाली, बिलगली, गेली, वेचलं, झोडपलं, उचललं, आणलं, दिलं.

दुसरा अध्याय हा सगळ्यात श्रीमंत अध्याय. एकट्या या अध्यायावर एक बुधवार द्या.

रूथ सासूला म्हणते, मला शेतात जाऊ दे, कापणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. आपल्याकडं याला सरवा म्हणतात. हंगाम होता सातूचा. (सातू म्हटलं की आपल्याकडं भाजक्या डाळ-गव्हाचं पीठ आठवतं. हा सातू म्हणजे जव, हे आधीच सांगा, नाहीतर सभा पिठात अडकते.) जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात मालकाला आज्ञा आहे की शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्यायचं. म्हणजे सरवा ही भीक नव्हती, हक्क होता. पण कागदावरचा हक्क आणि बांधावरचा हक्क यांत अंतर असतं, हे सातबारा काढायला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मला हे अंतर एका मावशींनी दाखवलं. काही वर्षांपूर्वी एका घरसभेत मी या अध्यायावर बोलत होते. लेवीयचं पुस्तक झालं, अनुवाद नावाचं पुस्तक झालं, हक्क झाला. कोपऱ्यात करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मावशी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मी सहज विचारलं, कुणी सरवा वेचलाय का? त्या उठल्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचून पोटाशी झोळी केली आणि खाली वाकून दाखवलं, भुईमूग काढून झालेल्या रानात खुरप्यानं मातीतली राहिलेली शेंग कशी उकरायची ते. मग म्हणाल्या, "दिसभर वाकल्यावर वटीभर शेंगा. आन् मालक वरडला की त्या तितंच टाकून पळायचं. शेंगा गेल्याचं काय न्हाय वाटायचं बघ. वरडल्याचं लई वाटायचं."

मी पुन्हा ओव्यांवर नजर टाकली. बवाज, म्हणजे त्या शेताचा मालक आणि अलीमलेखाचा नातलग, आपल्या गड्यांना सांगतो, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या. पुढं म्हणतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम ओढून पाडा. आणि दोन्ही वेळा बजावतो, तिला लाजवू नका, दटावू नका. तोवर कितीदा वाचल्या होत्या या ओव्या मी. माझं लक्ष नेहमी कणसांवर होतं. मावशींचं लक्ष ओरडण्यावर गेलं. मदत करणारा माणूस धान्य किती देतो त्याइतकंच तो ते कसं देतो हे रूथला दिसत असणार, हा धडा त्या दिवशी मी दिला नाही, घेतला.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं आहे की सभेत "रूथ कशी होती?" असं विचारू नका. सगळ्या एका सुरात म्हणतील, "विश्वासू." आणि मग शांतता. "तुमच्यापैकी कुणी सरवा वेचलाय? कुणाच्या बांधावरून हाकललं गेलंय?" असं विचारा.

याच अध्यायात आणखी दोन जागा आहेत. बवाज तिला जेवायला बोलावतो, भाजलेलं धान्य पुढं करतो. आपल्या हुरड्याच्या जवळचं काहीतरी समजा. ती पोटभर खाते आणि काही उरवते. चार ओव्या पुढं गेलं की घरी पोचल्यावर ते उरलेलं काढून ती नामीला देते. सकाळपासून राबलेल्या बाईनं पहिलं ताट समोर आल्यावर अर्धी भूक घरच्या म्हातारीसाठी बांधून ठेवली. लेखकानं याचं कौतुक एका शब्दानंही केलेलं नाही, नुसतं दाखवलंय. तुम्हीही कौतुक करू नका, ओव्या वाचा आणि गप्प बसा. बायकांना कळतं. लग्नातला लाडू रुमालात बांधून आणणाऱ्या आया सगळ्यांनी पाहिल्यात.

दुसरी जागा जरा अवघड. बवाज म्हणतो, माझ्या गड्यांनी तुला हात लावू नये अशी त्यांना ताकीद दिली आहे. नामीही म्हणते, दुसऱ्याच्या शेतात गेलीस तर तुला त्रास होईल. म्हणजे त्या शेतात एकट्या बाईला धोका होता आणि ते दोघांनाही माहीत होतं. हे गोड बोलून झाकू नका. फडात, कारखान्यात, दुकानात काम करणारी एखादी तुमच्यासमोर बसलेली असते आणि शास्त्राला आपली अडचण ठाऊक आहे हे तिला पहिल्यांदाच कळत असतं.

संध्याकाळी रूथनं कणसं झोडपली तर एक एफा सातू निघाला. एफा म्हणजे साधारण २२ लिटरचं माप. डोक्यावर घेऊन गावात शिरताना मान कशी झाली असेल, एवढं विचारून पुढं चला.

शब्दांच्या जोड्या शोधा

पेन्सिलीच्या टिंबांचा उपयोग इथं होतो. एखादा शब्द एका ठिकाणी येतो आणि पुढं दुसऱ्याच माणसाच्या तोंडी परत येतो. रूथच्या पुस्तकात अशा दोन जोड्या तरी नवख्यालाही सापडाव्यात.

पहिली, रिकामी. नामी गावात येते, बायका जमतात, ही नामीच का म्हणतात. ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. मी भरलेली गेले, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. आणि हे ती म्हणते तेव्हा रूथ शेजारी उभी आहे! मला तिथं नेहमी रूथचा चेहरा पाहावासा वाटतो. मग तिसऱ्या अध्यायात बवाज रूथच्या वस्त्रात सहा मापं सातू घालतो आणि म्हणतो, सासूकडं रिकाम्या हातानं जाऊ नको. हिब्रूत दोन्हीकडे तोच शब्द आहे.

दुसरी जोडी पंख आणि पदर. दुसऱ्या अध्यायात बवाज तिला आशीर्वाद देतो, ज्या परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला प्रतिफळ देवो. तिसऱ्या अध्यायात, नामीच्या सांगण्यावरून रात्री खळ्यावर गेलेली रूथ त्याला म्हणते, तुमच्या वस्त्राचा पदर माझ्यावर पसरा. हिब्रूत पंख आणि वस्त्राचा काठ यांना एकच शब्द आहे, कानाफ. म्हणजे ती जवळजवळ असं म्हणते, देवाच्या पंखांचा आशीर्वाद दिलात ना, मग तो पंख आता तुम्हीच व्हा. मराठीत पदरात घेणे, पदराखाली घेणे हे आपण रोज म्हणतो, त्यामुळं ही जोडी मराठी माणसाला समजायला सोपी आहे. पाळक एक तास बोलून सांगतात ते इथं एका शब्दात होतं. (पाळकांनी राग मानू नये.)

खळ्याचा हा तिसरा अध्याय बरेच जण गाळतात, किंवा कुजबुजत वाचतात. गाळू नका. मळणी, वाऱ्यावर धरलेलं सूप, राशीच्या कडेला राखणीला झोपलेला मालक, हे चित्र आपल्या आजोबांचंच आहे. त्या रात्री काय झालं याच्या तर्कात शिरू नका. शास्त्र जेवढं बोलतं तेवढंच बोला. बवाजानं तिची अब्रू राखली, उजाडायच्या आत तिला सुखरूप घरी पाठवलं, धान्य दिलं. एवढं लिहिलेलं आहे आणि एवढं पुरतं.

कुठं पाय घसरतो

माझा घसरला होता तिथूनच सांगते. पहिल्यांदा बोलले तेव्हा मी रूथला आज्ञाधारक सून करून टाकलं. सासूचं ऐका, घर राखा, देव फळ देईल. समोर एक तरुण विधवा बसली होती, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढायचं चालवलं होतं. तिनं शेवटच्या प्रार्थनेला मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि नंतर ती कधी आली नाही. मला कुणी काही बोललं नाही. मलाच घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडावं लागलं.

उघडलं तर काय? नामी पहिल्या अध्यायात सुनांना परत जा म्हणते, एकदा नाही, चार वेळा. आणि रूथ ऐकत नाही. तू जाशील तिथं मी येणार, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, हे सगळं ती सासूचा शब्द मोडून म्हणते. खळ्यावरही नामीनं सांगितलं होतं की काय करायचं ते तो तुला सांगेल, तिथं रूथनंच बवाजाला सांगितलं काय करायचं ते. हिला आज्ञाधारक म्हणायचं तर म्हणा, पण आज्ञा कुणाची हे आधी ठरवा.

अर्पाला खलनायिका करणं ही दुसरी चूक. शास्त्र तिला दोष देत नाही. ती रडली, सासूचं चुंबन घेतलं, माहेरी गेली, सासूनं सांगितलं तेच तिनं केलं.

तिसरी चूक नामीला गप्प करण्याची. तिचं कडू बोलणं आपल्याला टोचतं, म्हणून आपण लगेच म्हणतो, बघा, नंतर देवानं चांगलं केलंच. नंतरचं नंतर. पहिल्या अध्यायात तिला कडू राहू द्या. ती देवाविषयी तक्रार करते, पण परमेश्वराचं नाव घेऊनच करते. अख्ख्या पुस्तकात परमेश्वरानं थेट काही केलं असं लेखक दोनदाच सांगतो, सुरुवातीला लोकांना अन्न दिलं आणि शेवटी रूथला गर्भ दिला. मधला सगळा काळ माणसं चालतात, वेचतात, भांडतात, झोपतात. आपले बहुतेक दिवस त्या मधल्या काळातलेच असतात.

ख्रिस्तापर्यंत कसं जायचं

उडी मारून नाही, वाटेनं. चौथ्या अध्यायात वेशीवर दहा वडील बसतात. एक जवळचा नातलग आहे, त्याचा हक्क बवाजाच्या आधी. अलीमलेखाची जमीन सोडवून घ्यायला तो तयार होतो, पण सोबत रूथ येते म्हटल्यावर माघार घेतो, माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणतो. व्यवहार पक्का करायला पायातली चप्पल काढून द्यायची रीत होती. कोल्हापुरात ही ओवी वाचली की कुणीतरी हमखास हसतं, हसू द्या. त्या नातलगाचं नाव मात्र लेखक सांगत नाही. हिब्रूत त्याला पलोनी म्हटलंय. अरबीतला फुलान हा त्या शब्दाचा भाऊबंद, आणि तोच आपल्याकडं फलाणा होऊन आला. स्वतःचं वतन जपणारा फलाणाच राहिला. मवाबी विधवेला पदरात घेणाऱ्याचं नाव राहिलं.

बवाजानं रूथशी लग्न केलं. मुलगा झाला, ओबेद. त्याचा इशाय, इशायाचा दावीद. आता नव्या करारातल्या मत्तयचा पहिला अध्याय काढा, पाचवी ओवी. येशूच्या वंशावळीत रूथचं नाव आहे. अनुवादच्या २३व्या अध्यायात मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असं लिहिलंय, आणि रूथचं पुस्तक तिला पुन्हा पुन्हा मवाबीण म्हणत राहतं, विसरू देत नाही. दोन्ही ओव्या एकीशेजारी एक वाचा. मोल देऊन सोडवणारा, परक्याला आपलं करणारा, बेथलेहेमातला. इथवर आलात की ख्रिस्ताचं नाव तुम्हाला घ्यावं लागत नाही, सभेतलंच कुणीतरी घेतं.

वहीतलं शेवटचं पान

शिकवण आता लिहा, आणि एकच लिहा. सात नको. ती 'आपण विश्वासू असावं' अशी असेल तर खोडा. पुढच्या बुधवारपर्यंत करता येईल असं काही तरी हवं. आमच्या त्या सुनेनं काय लिहिलं ते तिच्या परवानगीनं सांगते, "भांडी घासायला येणाऱ्या ताईंवर ओरडायचं नाही." तिला वाटलं फारच साधं झालं. मी म्हटलं, एक आठवडा करून बघ.

लिहिलेलं एकदा मनात तपासा. समोर रूथ स्वतः बसली असती, नवरा गेलेली, परगावची, हाताला कणसांचे ओरखडे असलेली, तर तिच्या तोंडावर हे वाक्य म्हणता आलं असतं का? नसेल तर ते वाक्य तिच्याकडून आलेलं नाही.

चार बुधवार धरा, अध्यायाला एक. बोलणं वीस मिनिटांच्या वर नेऊ नका, उरलेला वेळ बायकांना द्या. कुणी रडायला लागली तर लगेच प्रार्थना सुरू करून तिला झाकू नका, पाणी द्या, थांबा. चहा शेवटी न ठेवता मध्ये ठेवलेला बरा, कप हातात असला की माणूस मोकळं बोलतो.

रूथ संपली की पान उलटा, लगेच हन्ना येते. पण तिची गोष्ट लेकरासाठी रडण्याची आहे. तेव्हा ती कुणाच्या घरी वाचायची आणि त्या घरात कोण बसलेलं असणार, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवा.